छातीतला होला

माझी मान हलते म्हणजे मी हो म्हणते आहे, असं कुणी समजू नये. हल्ली बसल्या जागी ती आपली आपण हलते, छातीतल्या ठोक्याबरोबर, बारीकशी. परवा कर्जतच्या बाजारात सुकी मासळी विकणारी म्हणाली, "मान तर डोलावतेस बाय, मग घेत का नाय?" मी म्हटलं, "माझी मान माझंच ऐकत नाय, तुझं काय ऐकणार?" ती हसली, मीही हसले. पण या असल्याच हो-नाहीच्या घोळात एकदा सात वर्षांच्या एका पोरीचा जन्म वाया जायची वेळ आली होती, आणि तो घोळ मीच घातला होता. तेच सांगते.

माझ्या छातीत आवाज आहे. धडधड सगळ्यांच्याच छातीत असते, ती नव्हे. माझ्या दोन ठोक्यांच्या मधे एक घुमणं आहे, भर दुपारी झाडावर होला घुमतो तसं. घूऽऽ, जरा थांबणं, परत घूऽऽ. माणसागुरांच्या गलबल्यात ते कळत नाही. घर शांत झालं की मात्र हातभर अंतरावरच्या माणसाला ऐकू येतं.

माझं माहेर खालापूरच्या बाजूला, डोंगराच्या पायथ्याशी. आठ-नऊ वर्षांची असेन. पावसाळ्यात घसा धरला, ताप भरला आणि सांधे सुजले. आज गुडघा, उद्या घोटा, परवा कोपर. सूज एका सांध्यातून उठायची आणि दुसऱ्यात जाऊन बसायची. आई निर्गुडीचा पाला गरम करून बांधायची आणि मी किंचाळायची. गणपती आले-गेले तेव्हा ताप उतरला. पुढे पितरांच्या पंधरवड्यात एके दुपारी पडवीत पडले होते, तर होला घुमायला लागला. आमच्याकडे होला घरात शिरलेला चांगला मानत नाहीत, म्हणून हाकलायला उठले. कौलांवर नाही, आंब्यावर नाही, गोठ्यात नाही. मी जिथे जाईन तिथे तो माझ्याबरोबर. विहिरीच्या काठाला जाऊन उभी राहिले, तिथेही. मग मात्र घाबरून आईला मिठी मारली.

आईचा कान माझ्या छातीला लागला. तिने दुसरा कानही लावून पाहिला. मग मला बाजूला केलं, आत गेली आणि पेटीतून जाडंभरडं कापड काढून माझी चोळी दुहेरी शिवायला बसली. "कुणाला बोलायचं नाय," एवढंच म्हणाली. "झाकली मूठ सव्वा लाखाची." पुढची आठ वर्षं मी शांत जागी बसलेच नाही. बायका गप्प झाल्या की मी बोलायची. मला लोक बडबडी म्हणायचे. म्हणोत बापडे.

माझ्या वयाच्या मुलींच्या कडेवर पोरं आली तरी माझं जमेना. 'पोर दमते', 'ओठ निळे दिसतात', एकेक ऐकू यायचं. सोळाव्या वर्षी कर्जतजवळच्या एका गावचं बिजवराचं स्थळ आलं. घरी भातशेती, नवरा इंजनांच्या शेडात कोळसा ओढायला, पहिली बायको तापाने गेलेली, मागे तीन वर्षांची मुलगी. वडिलांनी डोळे मिटून हो म्हटलं. छातीतल्या होल्याबद्दल चकार शब्द काढला नाही.

लग्न लागून आमची बैलगाडी सासरी निघाली. गावाअलीकडे नदीचा उतार आहे. तिथे नवऱ्याची चुलती एका पोरीला काखेत मारून उभी होती. तिने पोरीला उचललं आणि धाडकन माझ्या मांडीवर ठेवलं. "घे गं बाय, ही तुजी." पोर शेंबडी, डोळे मोठे, अंगाला धुराचा वास. रडेल म्हटलं तर रडली नाही. माझ्याकडे पाहिलं आणि डोकं इथे, या जागेवर टेकून झोपून गेली. मी गाव येईपर्यंत श्वास चोरून बसले होते. पहिल्याच दिवशी बिंग फुटायचं आणि तेही तीन वर्षांच्या पोरीकडून, एवढंच मनात होतं.

दुसऱ्या दिवशी सासूने माझ्या गळ्यात टाक बांधला. ज्यांना ठाऊक नसेल त्यांना सांगते. पहिली बायको मेली की दुसरीने तिचा चांदीचा टाक गळ्यात घालायचा. रुपयाएवढा पत्रा, त्यावर बाईची आकृती ठोकलेली. नाहीतर मेलेली सवत दुसरीला जगू देत नाही. सासू म्हणाली, "हिचा मान पयला. नवं लुगडं आलं तर आधी हिच्याफुडं ठेवायचं. गोडाचा पयला घास हिचा. मग तुजा." ती गेलेली सून सासूच्या सख्ख्या भावाची मुलगी होती, तिने अंगाखांद्यावर खेळवलेली. मग पोरीला पुढे ओढलं. "तुजी आय ही, टाकातली. आणि ही मावशी. हिला आय म्हणायचं नाय, समजलं?" पोरीने मान हलवली. दोऱ्याची लांबी अशी होती की टाक बरोबर होल्याच्या जागेवर येऊन टेकला. चांदी थंडगार लागली.

वर्षभर निभावलं. मी बडबडत राहिले, जातं ओढत राहिले. मग भात झोडून झाल्यावरच्या दिवसांत एके दुपारी मी आणि सासू पडवीत तांदूळ निवडत बसलो होतो. पोर सुपाशेजारी झोपली होती. बोलून बोलून माझाही घसा सुकला, आणि घर गप्प झालं.

सासूने मान वर केली. "होला कुठं घुमतोय गं?"

"बाहेर असंल," मी म्हटलं.

ती उठून अंगणात गेली, छपरावर बघून परत आली. येता येता दारातच थबकली. ती माझ्याकडे बघत नव्हती, माझ्या मागच्या कुडाकडे बघत होती. मी वळून पाहिलं. कौलातून येणारा कवडसा माझ्या टाकावर पडला होता आणि त्याची तिरीप कुडावर उमटली होती. ती तिरीप नाचत होती. घूऽऽ झालं की थरथरायची, परत घूऽऽ झालं की परत थरथरायची. सासू खाली बसली, गुडघ्यांवर सरकत आली आणि टाकाला कान लावला.

"आलीस गं माजी बाय?" म्हणाली आणि हुंदके देऊन रडायला लागली.

मी तोंड उघडलं होतं, देवाशपथ उघडलं होतं. पण सांगणार काय? की हा आवाज माझा आहे, आठव्या वर्षापासूनचा, आणि माझ्या बापाने तुम्हाला फसवलं? त्याच संध्याकाळी गाडी जुंपून मला परत पाठवली असती, आणि बापाला जातीत तोंड दाखवायला जागा उरली नसती. मी मूग गिळून बसले. चूक तिथे झाली. पुढचं सगळं तिच्या पोटातून निघालं.

सासूने त्याचा कौल केला. देवाला जसा तांदूळ लावून कौल विचारतात, तसा ती ओल्या बोटाने एक दाणा टाकावर चिकटवायची, मला भिंतीला टेकून बसवायची आणि टाकाला प्रश्न विचारायची. मग घरच्या पाच पितरांची नावं सावकाश घ्यायची. तेवढ्यात दाणा थरथरून पडला तर हो, चिकटून राहिला तर नाही. गाय कधी विणार, पाहुणे येणार का, वरच्या खाचरात वरी पेरू का. नवरा शेडातून आला की त्यालाही सांगायची, "तिनं हो म्हटलंय." तो माझ्याकडे अशा नजरेने बघायचा, की मी काचेची आहे आणि पलीकडे कुणीतरी उभं आहे.

खोटं कशाला बोलू, मला ते आवडायला लागलं. माझ्या लगेच लक्षात आलं, की नदीवरून दोन हंडे भराभर आणून बसलं की दाणा पडतो, आणि सकाळपासून फणसाखाली पाय पसरून बसलं की चिकटून राहतो. मग काय! "सुनेला माहेरी धाडू का चार दिवस?" विचारायची वेळ आली, की मी आधी दोन खेपा पाण्याच्या टाकायची. "आज लाकडाला हिलाच पाठवू का?" असलं काही यायचं असलं, की मी फणसाखाली. मेलेल्या सवतीने माझे जेवढे लाड केले तेवढे जित्या माणसांनी केले नाहीत. आत्ता हसू येतं. तेव्हाही यायचं, पदरात.

मग ती कुंचीची गोष्ट झाली, आणि हसणं गेलं.

पोर पाचाची झाली होती. सासूला आठवलं, की गेलेल्या सुनेने पोरीसाठी लाल कुंची शिवायला घेतली होती, ती कुठे सापडत नाही. दाणा लावला. मी फणसाखालून उठून आले होते, अंग निवांत, मला कुंचीचं काही माहीत नाही आणि देणंघेणंही नाही. सासू एकेक जागा घेत गेली. "पेटीत?" दाणा तसाच. "माळ्यावर?" तसाच. "आडव्या वाशामागं?" तसाच. "कणगीखाली?"

छातीत असा काही धक्का बसला, की दाणा नुसता पडला नाही, उडाला. समोरच्या सुपात टिचकी मारल्यासारखा वाजला. मी काही केलं नव्हतं. श्वाससुद्धा सावकाश चालला होता.

सासू, नवरा आणि मी, तिघांनी मिळून भाताची कणगी तिरकी केली. खाली शेणाने सारवलेल्या जमिनीवर लाल कुंची होती, अर्धी शिवलेली. सुई तशीच टोचलेली, दोऱ्यासकट. सासूने ती कपाळाला लावली. नवरा बाहेर निघून गेला आणि जेवायच्या वेळेपर्यंत आलाच नाही. मी भिंतीला पाठ लावून उभी होते आणि पहिल्यांदा मला माझ्या छातीची भीती वाटली. लहानपणापासून जो आवाज मी माझा म्हणत आले, तो माझा कशावरून? बिऱ्हाड रिकामं दिसलं म्हणून दुसरं कुणी येऊन राहिलं नसेल कशावरून?

त्यानंतर थोड्या दिवसांनी बायकांबरोबर कोंडाण्याकडे लाकडाला गेले होते. तिथे डोंगरात जुनी लेणी आहेत. ऊन चढलं म्हणून सगळ्या आत टेकल्या. आतला दगड थंड, आणि आत गेलं की कुणी बोलत नाही. मी गप्प बसले. छातीत घूऽऽ झालं. मग समोरच्या काळोख्या कोपऱ्यातून घूऽऽ झालं, जरा उशिरा. परत माझं, परत तिचं. माझ्यासमोर दुसरी बाई बसून मला जबाब देते आहे, असं चाललं होतं. एकीने माझ्याकडे बघितलं, मग दुसरीने. सगळ्या मोळ्या उचलून चालू पडल्या आणि माझी मोळी मला एकटीलाच डोक्यावर घ्यावी लागली. घरी येईपर्यंत मी मागे वळून बघितलं नाही.

आणि पोर. तिचं सांगायचं राहिलंच. आवाजाचं बाहेर आल्यापासून ती रोज तिसऱ्या प्रहरी माझ्याकडे यायची. मला म्हणायची, "मावशी, बस." मी बसले की टाकाला तोंड लावायची आणि हळू आवाजात बोलायला लागायची. "आये, आज मला काटा लागला. आये, वासरानं माझी भाकर खाल्ली. आये, आजीनं मला धपाटा दिला." मग कान लावून ऐकत राहायची. मी तिची वेणी घालायची, तिचा काटा काढायची, तिला न्हाऊ घालायची, आणि मी मावशी. माझ्या छातीत घुमणारी ती आई! मला राग यायचा हो. माझ्याच छातीचा मला मत्सर वाटायचा. एकदा मी तिला ढकलूनही दिलं. ती पडली, रडली नाही, उठली आणि परत येऊन बसली. मग मीच रडले.

ती साताची झाली तेव्हा चौक गावाकडून तिला स्थळ आलं. माणूस तिशी उलटलेला, घरी बैलांच्या दोन जोड्या, जमीन भरपूर. पहिल्या दोन बायका मेलेल्या. तिसरं लग्न लाभत नाही, म्हणून आधी रुईच्या झाडाशी लग्न लावून तिसरं उरकायचं, आणि मग आमच्या पोरीशी चौथं. सासू वाईट नव्हती. तिला खोकला लागला होता आणि डोळ्यांदेखत पोरीचे हात पिवळे करायचे होते. ती म्हणत होती, "खाऊनपिऊन सुखी राहील." मला मात्र एकच दिसत होतं. त्या पोरीच्या गळ्यात दोन टाक. सात वर्षांची पोर आणि छातीवर दोन मेलेल्या बायका.

"पण तिच्या आयला इचारल्याबिगर नाय," सासू म्हणाली. "गुरवारी कौल लावू."

मला हायसं वाटलं. म्हटलं, कौल ना? मग तो माझ्या हातात आहे. बुधवारपासून मी जड काही उचललं नाही. गुरुवारी सकाळी फणसाखाली जाऊन बसले, डोळे मिटले, श्वास मोजला. पोटात अन्न थोडंच घातलं. हाक आली तेव्हा सावकाश चालत गेले. भिंतीला टेकले. नवरा उंबऱ्यात बसला होता. पोर सासूच्या मांडीला चिकटून माझ्याकडे बघत होती.

सासूने दाणा चिकटवला. "माजे बाय," ती म्हणाली, "तुज्या लेकीला या घरी देऊ का?"

मी मनात म्हटलं, नको. शांत राहा. नको. आणि तेवढ्यात माझी नजर पोरीवर गेली. तिने ती लाल कुंची घातली होती, डोक्याला लहान झालेली, नाडी हनुवटीखाली पोचत नव्हती. आणि माझ्या छातीत होला नव्हे, हातोडा सुरू झाला. मी जेवढं 'नको' म्हणत होते तेवढा तो जोरात. सासूने पहिल्या पितराचं नाव घेतलं. दुसऱ्याचं घेतलं. तिसरं नाव तिच्या तोंडात होतं, तेव्हा दाणा पडला.

"दिला गं दिला, हो दिला!" सासूने टाकाला हात जोडले.

"नाय!" मी ओरडले. "तिनं नाय, मी! आत्याबाई, हा आवाज माझा हाय. लहानपणापासून हाय. ताप आला, सांधे सुजले, तवापासून. आईनं लपवला, बापानं लपवला, मी लपवला. तुमची सून हिथं नाय. कधीच नव्हती. मला भ्या वाटलं म्हणून दाणा पडला. पोर देऊ नका."

मग सासू शांतपणे म्हणाली, "सवतीच्या पोरीचं बरं झालेलं बघवत नाय तुला. आन् कुंची? कुंची कुणी सांगितली?"

कुंचीचं कोडं मला सुटलेलं नव्हतं. आजही नाही.

मी नवऱ्याकडे वळले. सात जन्मांत त्याला एवढं बोलले नसेन. "तुमच्या टेसनावर डाक्तर येतो ना? त्याच्याकडं मला न्या. त्यानं माझं नाय सांगितलं तर द्या पोरीला." विचार करा. दुसऱ्या बायका आपलं व्यंग झाकायला डाक्तर शोधतात. मी व्यंग सिद्ध करायला निघाले होते.

डाक्तर आठवड्यातून एकदा कर्जत स्टेशनावर यायचा, रेल्वेच्या माणसांना तपासायला. गोरा नव्हता, आपल्याकडचाच होता, काळा कोट घातलेला. आम्ही पोचलो तेव्हा पुण्याकडे जाणारी गाडी उभी होती आणि घाट चढवायला तिला मागून दुसरं इंजन जोडत होते. त्या धडधडाटात तो माझं काय ऐकणार, असं मला झालं. त्याने लाकडाची एक आखूड नळी काढली, टाक बोटाने बाजूला सारला आणि नळीला कान लावला. टाकाला असा हात कुणी लावला नव्हता. नवऱ्याने डोळे मिटून घेतले.

डाक्तरने बराच वेळ ऐकलं. मग मान वर न करताच विचारलं, "लहानपणी सांधे सुजले होते? एकातून दुसऱ्यात जात होते? आधी घसा धरला होता?"

घसा धरल्याचं आणि सूज फिरल्याचं मी सासरी कुणालाच सांगितलं नव्हतं. मला वाटलं, याच्या नळीलाही कौल लागतो की काय.

मग तो नवऱ्याला म्हणाला, "शेडात काम करता ना? झडप नीट बसली नाही तर काय होतं?"

"वाफ गळती," नवरा म्हणाला. "शीळ घालती."

"यांच्या काळजाला एक झडप आहे, ती पुरती मिटत नाही. पुढे गेलेलं रक्त थोडं मागे गळतं. त्याचा हा आवाज." त्याने नळी पुढे केली. "ऐका."

चार वर्षांत नवऱ्याने माझ्या छातीला कान लावला नव्हता. तिथे पहिली भेटेल म्हणून तो अंग चोरून असायचा, हे मला ठाऊक होतं. त्याचा कोळशाने काळवंडलेला कान नळीला टेकला. मी वरून त्याच्या डोक्याकडे बघत होते. त्याचे डोळे भरून आले. ते पहिलीसाठी होते की माझ्यासाठी, ते मी कधी विचारलं नाही.

औषध नाही, डाक्तर म्हणाला. जड उचलायचं नाही, डोंगर चढायचा नाही. मूल होऊ न दिलेलं बरं. किती दिवस काढीन ते सांगता येत नाही. पुढे तो डाक्तर बदलून गेला. मी आहे.

घरी येऊन नवऱ्याने आईला सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाला, "पोर द्यायची नाय." एवढं बोलून हातपाय धुवायला गेला. चौकाला निरोप गेला. पोर वाचली. पण सासू माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "तीन वर्सं तिच्या नावानं मला रडवलंस." हे खरं होतं. तिने माझ्या गळ्यातला टाक काढला आणि देव्हाऱ्यात ठेवला. दुसऱ्या दिवशी गाडी जुंपली.

पोर दारात उभी होती. मी तिला जवळ घ्यायला वाकले, तर ती म्हणाली, "म्हंजे आय नव्हती तिथं?" मी नाही म्हटलं. ती आत निघून गेली. माझ्या हाताने मी तिची आई दुसऱ्यांदा मारली होती.

चैत्रापासून दसऱ्यापर्यंत माहेरी काढले. वडील माझ्याशी बोलत नव्हते. टाक गेल्यावर छातीवर त्याच्याएवढा पांढरा चट्टा राहिला होता. दुपारी सगळीकडे सामसूम झाली की मी होल्याला विचारायची, कोण आहेस तू? तो घुमायचा, एवढंच.

दसऱ्यानंतर नवरा गाडी घेऊन आला. पोर गाडीत होती. त्याने फडक्यात बांधलेला टाक माझ्या हातावर ठेवला. "आयनं धाडलाय," म्हणाला. "ह्यो देव्हाऱ्यात ऱ्हात नाय. रोज सकाळी बघावं तर पालथा. उताणा ठेवला की परत पालथा. आय भ्याली. म्हणते, तिला तुझ्याबिगर करमत नाय. चल."

म्हणजे ती होतीच. मी खोटं बोलले होते, डाक्तर खोटं बोलला होता. मी टाक गळ्यात घातला. नदीचा उतार आला, नवरा बैलांना पाणी दाखवायला खाली उतरला. पोर सरकत सरकत माझ्याजवळ आली.

"मावशी, टाक मी पालथा करायची," ती म्हणाली. "आजी शेण काढाया गेली की. आजीला नको सांगूस."

मी विचारलं, "आणि कुंची? ती कणगीखाली हाय हे तुला ठावं होतं?"

तिने नाही म्हणून मान हलवली. मग डोकं इथे, या जागेवर टेकलं.

"अगं, तिथं तुझी आय नाय. तुला सांगितलंय ना?"

"मला आधीच ठावं होतं. तू आलीस तवा या पाण्यापाशी मी तुज्या मांडीवर झोपली होती. तवाच वाजत होतं. टाक तर आजीनं दुसऱ्या दिवशी बांधला."

"तुला ते आठवतं?"

"तेवढंच आठवतं."

"मग दारात मला का विचारलंस, आय नव्हती का म्हणून?"

"बघत होती, तू काय म्हंतीस. तू नाय म्हणालीस."

"मग रोज टाकाला तोंड लावून आये, आये करायचीस ते कुणाला?"

"तुलाच," ती म्हणाली. "आजी तुला आय म्हणू देत नसं. तिथं तोंड लावून म्हटलं की कुणी रागवत नसं."

बैल पाणी पीत होते. नवरा वर येईपर्यंत ती तशीच कान लावून पडून होती. त्या वेळी टाकावर कुणी दाणा ठेवला असता, तर नदीपार जाऊन पडला असता.